हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा

ज्या निजामी अमदानीत सरकारी दफ्तराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती, जेथे खाजगी शाळा चालवणाऱ्यांकडे अंमलदार संशयानेच पाहत, त्या अमदानीत १९२१ साली उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा या आडवळणाच्या गावी मराठी मुलांसाठी राष्ट्रीय शाळा निघाली, हे मला मराठवाड्याच्या इतिहासातील मोठे धैर्याचे कृत्य वाटते.

ना. म. जोशी यांच्या सहवासात कामगार चळवळीत वावरलेले व्यंकटेश खेडगीकर या शाळेत शिक्षक म्हणून आले, मुख्याध्यापक झाले, आणि हिप्परग्याच्या वास्तव्यातच संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ या नावाने ओळखले जाऊ लागले. वेतनाची वा कीर्तीची आशा नसलेल्या त्या अध्यापनानेच, माझ्या मते, पुढील हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे कार्यकर्ते घडवले. नंतर स्वामीजींनी अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेची धुरा घेतली, आणि तेथून ते हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या नेतृत्वाकडे वळले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान निजामी राजवटीतून मुक्त झाले. १९५० साली स्वामीजींच्या प्रेरणेने नांदेडास पीपल्स कॉलेज उभे राहिले, आणि १९९४ साली तेथेच स्थापन झालेल्या विद्यापीठास या शिक्षकाचेच नाव देण्यात आले.