एका न्यायाधीशाचें भिन्नमत

न्यायासनावर बसणारा मनुष्य आपली जात, आपलें गांव व आपले सोयरे न्यायालयाच्या दाराबाहेर ठेवून येतो, असें आपण गृहीत धरतों. परंतु तें किती दुष्कर आहे, याचा विचार क्वचितच करतों. अमेरिकेंतील न्यायाधीश जे. वेटीज वेअरिंग यांचें चरित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे.

वेअरिंग यांचा जन्म १८८० सालीं दक्षिण कॅरोलायना संस्थानांतील चार्ल्स्टन शहरीं झाला. घराणें तेथील जुनें व प्रतिष्ठित. वडील यादवी युद्धांत दक्षिणेच्या बाजूनें लढलेले. १९४२ सालीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं त्यांस संघसरकारच्या जिल्हा न्यायालयावर नेमलें, तेव्हां त्यांचें वय एकसष्ट होतें. या वयांत मनुष्याचीं मतें सहसा बदलत नाहींत. वेअरिंग यांचीं बदललीं, आणि तीं न्यायासनावरूनच बदललीं.

१९४६ च्या फेब्रुवारींत आयझॅक वुडर्ड हा कृष्णवर्णीय सार्जंट सैन्यांतून मुक्त होऊन गणवेषांतच घरीं निघाला होता. वाटेंत बेट्सबर्ग गांवच्या पोलिस-प्रमुखानें त्याला असें मारलें, कीं त्याचे दोन्ही डोळे कायमचे गेले. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत वेअरिंग यांच्यापुढें खटला चालला. सर्व गौरवर्णीय ज्यूरीनें अर्ध्या तासाच्या आंत आरोपीला निर्दोष ठरविलें. निकाल ज्यूरीचा, त्यामुळें न्यायाधीशाचा इलाज नव्हता. परंतु ती जखम त्यांच्या मनांतून गेली नाहीं. पुढच्याच वर्षीं, डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकींत कृष्णवर्णीयांस मत नाकारतां येणार नाहीं, असा निवाडा त्यांनीं दिला.

खरी कसोटी १९५१ सालीं आली. क्लॅरेंडन परगण्यांतील कृष्णवर्णीय आईबापांची पहिली मागणी मुलांना शाळेंत नेणाऱ्या एका बसगाडीची होती. ती नाकारली गेली, आणि वाद वेगळ्या शाळांच्या मुळावरच गेला. तीन न्यायाधीशांपैकीं दोघांनीं वेगळ्या शाळा कायदेशीर ठरविल्या. वेअरिंग एकटे पडले. मुलांस वर्णावरून वेगळें बसविणें हीच विषमता होय, असें त्यांनीं आपल्या भिन्नमतांत स्पष्ट लिहिलें.

याचें मोल त्यांस गांवांत द्यावें लागलें. १९४५ सालीं घटस्फोट घेऊन त्यांनीं उत्तरेकडील बाईशीं दुसरा विवाह केला होता. तेव्हां त्यांच्या निवाड्यांचें मूळ घरगुती रागांत शोधणें लोकांस सोयीचें झालें. जुन्या स्नेह्यांनीं बोलणें टाकलें, घरावर दगड पडले. १९५२ सालीं निवृत्त होऊन ते न्यूयॉर्कला गेले.

दोनच वर्षांनीं, १९५४ च्या मे महिन्यांत, सर्वोच्च न्यायालयानें क्लॅरेंडनच्या दाव्यासह पांच दाव्यांचा विचार करून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. हरलेलें मत देशाचा कायदा झालें.

१९६८ सालीं न्यूयॉर्क येथें त्यांचें निधन झालें. दफनासाठीं देह चार्ल्स्टनला आणला, तेव्हां जमलेल्यांत बहुतेक सारे कृष्णवर्णीय होते. गौरवर्णीय अगदीं मोजके. २०१५ सालीं तेथील न्यायालयाच्या इमारतीस त्यांचें नांव देण्यांत आलें. गांवानें न्याय दिला. पण तो ऐकावयास न्यायाधीश उरला नव्हता.