बेगमी : कागदावरची आणि कागदाबाहेरची

'बेगमी' हा शब्द आज आपण साठा या अर्थी वापरतो. मूळ फारसीत 'बे' म्हणजे वाचून आणि 'ग़म' म्हणजे चिंता. बेगमी म्हणजे निश्चिंतता. मराठीत आल्यावर मनाच्या या अवस्थेचे नाव कणगीतल्या भाताला, बरणीतल्या मिठाला आणि पडवीत रचलेल्या लाकडांना मिळाले. अर्थाचे हे स्थलांतर केव्हा झाले असावे, यापेक्षा ते कोणाच्या घरात झाले असावे हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो.

युरोपीय वाङ्मय वाचणाऱ्यांना घराची डागडुजी, बागेतील शेवटची तोडणी आणि फळभाज्या मुरवून ठेवणे ही तिन्ही कामे शरद ऋतूशी जोडलेली दिसतात. पुढे हिवाळा असतो, जमीन गोठणार असते. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, जी दारे बंद होतात ती पावसाने. गलबते किनाऱ्यावर ओढली जातात ती नारळी पौर्णिमेपर्यंत. वाटा चिखलात जातात, ओढे ओलांडता येत नाहीत. म्हणून आपला साठवणीचा काळ वैशाखाचा, आणि शरद हा त्या साठवणीचा हिशेब पुरा होण्याचा. आयुष्याची वर्षे शरदांनी मोजण्याची वैदिक प्रथा आपण केवळ काव्य म्हणून वाचतो. पण पावसाळा पार करून शरदात पोचणे ही एके काळी खरोखरच मोजण्यासारखी गोष्ट होती.

या विषयाचा आम्हांस ठाऊक असलेला सर्वांत जिवंत मराठी कागद स्वयंपाकघरातला नाही, लष्करी आहे. शिवाजी महाराजांनी १६७३-७४च्या सुमारास, पावसाळ्याच्या तोंडावर, चिपळूणजवळ हलवर्ण येथे छावणीस असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका, हा त्यातील भाग आपण शाळेपासून ऐकत आलो. पण साठवणीच्या दृष्टीने ते पुन्हा वाचावे. दाणा आणि गवत आज हाताशी आहे म्हणून उधळले, तर भर पावसात मिळायचे नाही. घोडी उपाशी मरतील आणि त्यांच्या मृत्यूचा दोष तुमच्याकडेच येईल. मग लोक कुणब्यांच्या घरात शिरतील, कोणी दाणा आणील, कोणी लाकडे, कोणी भाजी. आणि रयतेला मोगल बरे वाटू लागतील. यानंतर पत्र आगीकडे वळते. गवताच्या लगत कोणी चूल पेटवील, कोणी तंबाखू ओढील, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. गवताची एक गंजी जळाली की पावसाळाच जळाला.

राज्य चालविणारा माणूस उंदराच्या तोंडातील वातीपर्यंत पोचतो, याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. आम्हांस मात्र त्यात एका घरकर्त्या व्यक्तीची नजर दिसते. असलेले किती, पुरवायचे किती दिवस, आणि त्याला धोका कोठून, या तीन प्रश्नांवर ते सारे पत्र उभे आहे. घराघरांत वैशाखात हेच तीन प्रश्न विचारले जात होते. ते लिहून ठेवण्याचे कोणास कारण नव्हते.

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील, रामचंद्रपंत अमात्यांचे मानले जाणारे 'आज्ञापत्र' हा दुसरा कागद. त्यातील दुर्गप्रकरण आपण दुर्गरचनेसाठी वाचतो, पण ते घर राखण्याचेही प्रकरण आहे. गडावरील राजगृहाच्या भिंती विटांच्या व चुन्याच्या दाट गिलाव्याच्या असाव्यात, जमिनीला फट राहू नये, नाहीतर उंदीर, विंचू, किडामुंगी घर करतात. भोवती निरगुडीसारख्या झाडांचे दाट कुंपण असावे. दारूखान्यातील बाण व दारू ठरावीक दिवसांनी बाहेर काढून, ऊन देऊन पुन्हा मुद्रा करून ठेवावी. (पापडाच्या डब्याला मधूनमधून ऊन दाखविणारी आजी आणि हा हवालदार एकाच शास्त्राचे जाणकार.) आणि केराविषयीचा तो मजकूर! केर गडाखाली न टाकता जागच्या जागी जाळावा, राख परसात टाकावी आणि तिच्यावर घरोघर भाजीपाला करावा. परसबागेविषयी याहून नेमके मराठी गद्य आमच्या वाचनात नाही.

आता या कागदांवरून नजर काढून त्याच मुलखातील एखाद्या साध्या घराकडे वळावे. वैशाखात शाकारणी. गवताचे छप्पर असेल तर जुने कुजके काढून नवे घालायचे; कुंभाराच्या नळीच्या कौलांचे असेल तर वाऱ्याने, मांजरांनी, वानरांनी सरकवलेले कौल न् कौल नीट बसवायचे, फुटलेले बदलायचे. नारळीच्या झापा विणून पडवीच्या उघड्या बाजू झाकायच्या. अंगणातील मांडव उतरवायचा. लाकडे आणि शेणी कोरड्यात घ्यायच्या. आत याच दिवसांत कोकमाची साले त्यांच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवायची, म्हणजे आमसुले होतात; आंब्याफणसाची साठे थापायची, कैऱ्या मिठाच्या पाण्यात घालायच्या, आठळ्या राखून ठेवायच्या; पापड, कुरडया, सांडगे उन्हात. मासे खाणाऱ्या घरांत बोंबील, सुकट, सोडे. कणगी शेणाने लिंपायची. या सर्वांस 'आगोटीची कामे' म्हणत. छपरावर पुरुष चढले, वाळवणापाशी बायका बसल्या; आणि ज्यांना दुसऱ्याचे छप्पर आधी शाकारून मग आपल्या झोपडीकडे वळावे लागे त्यांची आगोट नेहमीच उशिरा होई. बेगमी या शब्दातील निश्चिंतता सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही, हे नोंदविले पाहिजे.

आश्विन-कार्तिकात या साऱ्याची उलटी फेरी. कोजागरीच्या सुमारास दारावर 'नवे' बांधले जाई आणि जुना दाणा संपत आल्याची काळजी सरे. झापा निघत, त्या चुलीत जात. पावसाने उखडलेले अंगण नवी माती घालून, चोपून, सारवून तयार करायचे, कारण झोडणीचे भात लवकरच त्यावर यायचे असे. पुन्हा मांडव उभा राही. पावसाळी वेलांवरच्या जून काकड्या, भोपळे, कोहळे सुंभाने आढ्याला टांगले जात. तेथे ते महिनोन्महिने टिकत. शरद ऋतूचे हे रूप आमच्या अभ्यासक्रमातील चांदण्यात फारसे आढळत नाही.

या चक्रात बाहेरून दोन गोष्टी आल्या. एक कौल. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला, आणि एकमेकांत अडकणारी ती सपाट कौले हळूहळू किनाऱ्याने वर सरकली. शाकारणी संपली नाही, पण हलकी झाली; कुंभाराचे एक काम मात्र गेले. दुसरे मीठ. साखर महाग असलेल्या घरात टिकविण्याची साधने दोनच, ऊन आणि मीठ. पैकी उन्हावर कर नव्हता. १९२३ साली सरकारने मिठावरील कर मणास सव्वा रुपयावरून अडीच रुपये केला, आणि पुढच्याच वर्षी तो मागे घ्यावा लागला. शिरोड्याच्या मिठागरांवरील सत्याग्रह १९३०च्या मे महिन्यात झाला. त्याची राजकीय कारणे सर्वश्रुत आहेत. तो महिना घरोघर लोणची घालण्याचा आणि मासळी खारविण्याचा होता, हे इतिहासाच्या पुस्तकांत येत नाही. पण मिठाचा प्रश्न स्त्रियांना समजावून सांगावा लागला नसेल, याचे एक कारण तेथे असावे असे आम्हांस वाटते.

मग ही विद्या कागदावर केव्हा आली? मराठीतील पहिले छापील पाकपुस्तक समजले जाणारे 'सूपशास्त्र' १८७५चे. लेखक रामचंद्र सखाराम गुप्ते. म्हणजे येथेही लेखणी प्रथम पुरुषाच्या हाती. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० साली आले, आणि कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली. पाककृतीचे पुस्तक हे साहित्य नव्हे, अशी एक पक्की समजूत आमच्या विभागांतून आहे. पण आज्ञापत्रातील केराची राख जर गद्याचा नमुना म्हणून शिकविता येते, तर अमुक शेर कैऱ्यांना किती मीठ हे सांगणाऱ्या वाक्याची आज्ञार्थी रचना का तपासू नये? दोन्हीकडे वाक्य सारखेच आहे: असे करावे, असे करू नये, नाहीतर नासेल. फरक इतकाच की एकाच्या मागे मुद्रा होती.

शिवाय पाकपुस्तकांतही कृती येते, श्रम येत नाहीत. वाळवणावर कावळे हाकीत बसलेली मुलगी, वळिवाचे ढग दिसताच सगळ्या आळीने एकमेकींची वाळवणे उचलणे, त्या वर्षी कमी पडलेली आमसुले शेजारणीकडून कोणत्या अटीवर आली, हे कोठेच लिहिलेले नाही. त्यासाठी मौखिकाकडेच जावे लागेल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने जमविलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. त्या बहुतेक नात्यांच्या, दैवतांच्या, सासरमाहेरच्या अंगाने वाचल्या गेल्या. एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी विषय शोधणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीने त्या कणगी, मीठ, छप्पर आणि परस या चार शब्दांनी चाळून पाहाव्यात. काम कंटाळवाणे आहे, आणि ते वैशाखात सुरू केले तर निदान कार्तिकापर्यंत चालेल.