आळेगावची माघार

१७६१च्या जानेवारीत पानिपतावर मराठ्यांची एक पिढी कापली गेली आणि त्या शोकाने खचलेले नानासाहेब जूनमध्ये पुण्यास निवर्तले, तेव्हा सोळा वर्षांच्या माधवरावांच्या अंगावर पेशवाईची वस्त्रे आली ती कर्जबाजारी दौलतीसह. पुढच्याच वर्षी निजामाच्या कुमकेने चुलते रघुनाथराव आळेगावी वरचढ ठरले. त्या वेळी गृहकलहात दौलत बुडू देण्यापेक्षा मानापमान बाजूस सारून माधवराव स्वतः होऊन चुलत्यांच्या छावणीत दाखल झाले व नजरकैदही त्यांनी सोसली. पुढे १७६३ साली राक्षसभुवनास, आता उलटलेल्या त्याच निजामाच्या फौजेने रघुनाथरावांना घेरले असता, याच पुतण्याने धावून जाऊन त्यांची सुटका केली व विजय संपादिला. अपमान गिळून उमेद राखण्याचा हा निश्चय हेच त्यांच्या कर्तृत्वाचे अधिष्ठान होय.