बजरबट्टूचे झाड

शिक्षकांच्या एका शिबिरात एक बाई आपल्या आजीच्या पेटीतली माळ घेऊन आल्या. माळेत काळसर, गुळगुळीत, गोट्यांएवढे मणी होते. लहान मुलाला दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात बांधायचे हे बजरबट्टू. बाईंचे प्रश्न दोनच होते : हे बी कोणत्या झाडाचे, आणि पेरले तर उगवेल का?

दुसऱ्याचे उत्तर सोपे. दोरा ओवण्यासाठी भोक पाडलेले, वर्षानुवर्षे वाळलेले बी उगवत नाही. पहिल्याचे उत्तर शोधताना मात्र आम्ही साडेतीनशे वर्षे मागे जाऊन पोहोचलो.

हे बी श्रीताडाचे. इंग्रजीतले त्याचे नाव तालीपॉट. त्यात आपला 'तालपत्र' हा शब्दच दडलेला आहे. दक्षिणेत आणि श्रीलंकेत याच्या पानांवर पोथ्या लिहिल्या जात. पान पंख्यासारखे आणि पुष्कळदा चार-पाच मीटर रुंद असते. पण खरी नवलाई फुलोऱ्याची. तीस ते ऐंशी वर्षे हे झाड नुसती पाने काढत राहते. मग एके वर्षी शेंड्यावर सहा मीटरहूनही उंच तुरा येतो, त्यात लक्षावधी बारीक फुले उमलतात, फळे पिकायला जवळजवळ वर्ष लागते आणि झाड मरते.

आता विचार करा. माणसाच्या हयातीएवढे आयुष्य असणाऱ्या आणि एकदाच फुलणाऱ्या झाडाची माहिती लिहून काढायची कशी?

रॉबर्ट नॉक्स हा इंग्रज खलाशी १६६० मध्ये श्रीलंकेत कँडीच्या राजाच्या कैदेत सापडला आणि १६७९ मध्ये निसटला. एकोणीस वर्षे तो तिथल्या खेड्यांत राहिला होता. १६८१ साली छापलेल्या पुस्तकात त्याने या झाडाविषयी लिहिले, ते घरापाशी झाड असणाऱ्याच्या नजरेने. फुलोरा दिसायला फार सुंदर, पण वास इतका उग्र की लोकांना तो घराजवळ सोसवत नाही. झाड फुलण्याआधी तोडले तर खोडातला गर कांडून त्याचे पीठ करतात आणि भाकऱ्या भाजतात. सुगीपूर्वीच्या टंचाईत त्यावर निभावते.

नॉक्सला कारण ठाऊक नव्हते, पण निरीक्षण अचूक होते. झाड आयुष्यभर खोडात पिष्ट साठवते आणि फुलाफळांवर ते एका झटक्यात खर्च करते. तुरा छाटला तर झाड वाचेल का, असे आम्हाला नेहमी विचारले जाते. वाचत नाही. श्रीताडाला वाढीचा कोंब एकच, शेंड्याचा, आणि त्याचाच फुलोरा झालेला असतो. आंब्यासारखे बाजूला फुटायला दुसरे डोळे नसतात.

त्याच काळात कोचीनला डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे 'हॉर्टस मलाबारिकस' सिद्ध करत होता. बारा खंडांचा हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. १६८२ च्या तिसऱ्या खंडाच्या आरंभीच श्रीताडाची मोठमोठी चित्रे आहेत. ऱ्हेडे मलबारात कमांडर म्हणून जेमतेम सात वर्षे होता. एवढ्यात एका झाडाचे आयुष्य पाहून होत नाही. ती माहिती तिथल्या माणसांची होती. इट्टी अच्युतन हे त्यांतले प्रमुख वैद्य. माडावर चढून ताडी काढण्याचा व्यवसाय ज्या समाजात परंपरेने चालत आला, त्या समाजातले. दुसरे रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट हे कोकणी वैद्य. त्यांचे १६७५ चे प्रमाणपत्र ग्रंथात जसेच्या तसे छापले आहे, कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत! आपल्या लिपीचा इतका जुना छापील नमुना विद्यार्थ्यांना जरूर दाखवावा.

मल्याळममध्ये हे झाड 'कुडप्पन', म्हणजे छत्रीचा ताड. लिनीयसने १७५३ मध्ये त्याला 'कोरिफा अंब्राक्युलिफेरा' म्हटले; दुसऱ्या शब्दाचा अर्थ छत्री धारण करणारा. लिनीयस हिंदुस्थानात कधीच आला नाही. त्याच्यापुढे ऱ्हेडेचा ग्रंथ होता.

आमच्याकडचा भेरली माडही एकदा फुलला की संपतो, पण सावकाश : घोस वरून खाली येत जातात आणि त्यात काही वर्षे निघतात. त्याच्या फळांचा गर हाताला लागला तर आग होते, म्हणून रोपांसाठी बिया काढताना हातमोजे हवेत. उदमांजरे फळे खाऊन बिया परसात कुठेही टाकतात, तेव्हा नको तिथली रोपे लहान असतानाच काढावीत.

श्रीताडाचे बी ताजे मिळाले (उत्तर कन्नडच्या किनारपट्टीत ही झाडे आहेत) तर गर धुऊन, भिजवून पेरावे. कुंडी उथळ नको. बीतून निघणारा पहिला कोंब वर येत नाही, तो जमिनीत खाली जातो आणि रोपाचे पान बीपासून काही अंतरावर वर निघते. 'उगवले नाही' म्हणून उकरणारे उत्साही विद्यार्थी इथेच घात करतात. पान आल्यावरही बी तोडू नये, रोपाची शिदोरी त्यातच असते. पहिली पाने अखंड, घड्या पडलेली असतात. पंखा पुढे होतो. मुळे न दुखावता रोप लवकर कायमच्या जागी हलवावे, आणि ती जागा भिंतीपासून चांगली लांब असावी.

आणखी एक काम : शाळेच्या दप्तरात लागवडीची तारीख लिहून ठेवावी. रिओ दी जानेरोच्या फ्लामेंगो उद्यानात बुर्ले मार्क्सने १९६० च्या दशकात लावलेले श्रीताड २०२५ मध्ये फुलले. लागवडीचा काळ ठाऊक होता, म्हणून त्यांचे वय सांगता आले. मार्क्स १९९४ मध्येच वारला होता.

बाईंनी ती माळ पुन्हा पेटीत ठेवली. ताजे बी मिळाले तर एक आम्हालाही द्या, असे आम्ही त्यांना सांगून ठेवले आहे.