२६, अलीपूर रोड

दिल्ली दाखवणाऱ्या बसमध्ये बसलो. कुतुबमिनार, लाल किल्ला, इंडिया गेट, राजघाट. मी विचारलं, अलीपूर रोड? बसवाला म्हणाला, उधर क्या है?

त्याचंही काय चुकलं! ही दिल्ली बांधलीच दुसऱ्यांसाठी. १२ डिसेंबर १९११ ला पंचम जॉर्जनं राजधानी कलकत्त्याहून हलवली. रायसिना, मालचा ही गावं उठवली. टेकडीवर लुटियन्सनं व्हाइसरॉयचा वाडा उभा केला, तेच आजचं राष्ट्रपती भवन. हिंदी वास्तुकलेला नाक मुरडणारा हा गोरा, पण घुमट घेतला सांचीच्या स्तूपावरून. साम्राज्याच्या डोक्यावर बुद्ध! इंडिया गेटवर तेरा हजारांच्या वर सैनिकांची नावं कोरलीत. राजस्थानातला दगड ज्यांनी फोडला, घडवला, डोक्यावर वाहिला त्यांचं एकही नाव नाही. पांढरकवड्यात सरकीच्या धुळीत राबणारा मी, माझी नजर आधी तिथंच जाते.

बेकरची गोल संसद १९२७ ची. तिच्याच मध्यवर्ती सभागृहात २६ नोव्हेंबर १९४९ ला घटना मंजूर झाली. २०२३ पासून तिला संविधान सदन म्हणतात. आणि घटना लिहिणाऱ्याचं तैलचित्र त्या सभागृहात कधी लागलं? १९९० साली. चाळीस वर्षं भिंतीला जागा नव्हती म्हणायची!

बस सोडली, विचारत विचारत निघालो.

मंत्रिपदावर लाथ मारल्यावर १९५१ साली बाबासाहेब अलीपूर रोडच्या या बंगल्यात आले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची शेवटची पानं इथंच हातावेगळी केली. ६ डिसेंबर १९५६ ला इथंच गेले. त्याच रात्री देह विमानानं मुंबईला नेला आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या किनाऱ्यावर अग्नी दिला. यमुनेकाठी पुढाऱ्यांच्या समाध्यांची रांग आहे, त्या रांगेत आपला माणूस नाही. बरंच झालं म्हणा, दादरला लाखो लोक चालत तरी येतात.

बंगला मात्र खासगी मालकीत गेला. स्मारक खुलं झालं १३ एप्रिल २०१८ ला. मोजा, एकसष्ट वर्षं! जुन्या बंगल्याच्या जागी आता उघड्या पुस्तकाच्या आकाराची इमारत आहे. छान आहे, गार आहे.

परभणीकडची एक म्हातारी पहारेकऱ्याला विचारत होती, "बाबा कोणत्या खोलीत निजायचे रे?" खोलीच उरली नाही, तो काय दाखवणार? त्यानं अंदाजानं हात केला. म्हातारी त्या बाजूला वाकली. मीही वाकलो.