ठेसन, स्टेशन आणि स्थानक

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात जऊळका हे गाव आहे. ते अकोला-पूर्णा लोहमार्गावर येते. पूर्वीचा हा मीटरगेज मार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाला. या गावाचे नावच 'जऊळका रेल्वे' असे लिहिले जाते. गावात पोलीस ठाणेही आहे. त्यामुळे इथे कोणी नुसते "स्टेशनवर जाऊन येतो" म्हणाले, तर "गाडीसाठी की फिर्यादीसाठी?" असे विचारावे लागेल. एकाच शब्दाला हे दोन अर्थ कसे आले?

लॅटिन भाषेत 'स्तारे' म्हणजे उभे राहणे. त्यावरून 'स्तातिओ', म्हणजे उभे राहण्याची जागा किंवा पहारा. फ्रेंचमधून हा शब्द चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला. नेमून दिलेल्या जागी शिपाई उभा राहिला की ते त्याचे स्टेशन. प्रवासात गाडी उभी राहते तेही स्टेशन. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे १८३० साली सुरू झाली, त्या सुमारास आगगाडीच्या थांब्याला हा शब्द चिकटला. साहेब उन्हाळ्यात मुक्काम ठोकत ते 'हिल स्टेशन' झाले. वीज निर्माण होते ते पॉवर स्टेशन, हवामानाच्या नोंदी होतात ते वेधशाळेचे स्टेशन. अंतराळ स्थानक तर क्षणभरही उभे राहत नाही, तरी नाव तेच!

वह्या-पेन्सिलींना 'स्टेशनरी' का म्हणतात? मध्ययुगीन युरोपात फिरते विक्रेते पुष्कळ होते. विद्यापीठांजवळ कायमचे दुकान मांडून बसणारा पुस्तकविक्रेता तो 'स्टेशनर', आणि त्याच्याकडचा माल ती स्टेशनरी. स्थिर या अर्थाचा 'स्टेशनरी' आणि हा, यांच्या स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक आहे. मुले तिथे हमखास चुकतात. दोन्ही शब्दांचे मूळ सांगितले, तर हा घोटाळा समजून घेता येतो.

आता आपल्याकडे वळू. संस्कृतात 'स्था' म्हणजे उभे राहणे. त्यापासून स्थान, स्थानक, स्थिर, स्थिती, अवस्था, संस्था हे शब्द झाले. गाडीची वाट पाहत आपण तिष्ठतो, तो 'तिष्ठणे' शब्दही याच धातूचा. 'स्था' आणि 'स्तारे' यांतले साम्य योगायोगाचे नाही. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सांगितले की, संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात. पुढच्या अभ्यासाने ते पक्के झाले. 'स्टेशन' लॅटिनकडून आले, 'स्टँड' इंग्रजीच्या स्वतःच्या जर्मानिक घराण्यातून, आणि 'स्थानक' संस्कृतातून. तेव्हा एसटी स्टँड म्हणा की बसस्थानक, घराणे एकच.

इथे एक सावधगिरी हवी. "म्हणजे स्टेशन हा शब्द आपल्या स्थानकावरूनच आला" असे काहीजण अभिमानाने सांगतात. ते बरोबर नाही. ही भावंडे आहेत, आई-लेक नव्हेत. नुसते ऐकायला सारखे असणे हा पुरावाही नव्हे. इंग्रजी 'बॅड' आणि फारसीतून आलेला, 'बदनाम'मधला 'बद' यांचा अर्थ एकच, आवाजही जवळचा. पण नाते काही नाही. नाते सिद्ध व्हायला अनेक शब्दांत नियमाने येणारे साम्य लागते.

असाच एक नियम मराठीच्या जडणघडणीत दिसतो. शब्दाच्या आरंभी 'स' जोडाक्षरात असला की प्राकृतात तो गळून पडे आणि पुढचे व्यंजन महाप्राण होई. स्कंधचा खांदा झाला, स्फोटचा फोड झाला, स्थानचे ठाण झाले. पोलिसांचे ठाणे त्यातलेच. शिलाहारांच्या लेखांतले 'श्रीस्थानक' म्हणजे आजचे ठाणे शहर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून याच ठाण्याला थांबली. आगगाडी जिथे पोचली, त्या गावाच्या नावातच 'स्थानक' होते!

आणि आता वऱ्हाडी बोलीतले 'ठेसन' पाहा. 'स' गळला, 'ट'चा 'ठ' झाला. स्थानचे ठाण करणाऱ्यांनी जे केले, तेच. सगळे इंग्रजी शब्द याच वाटेने जातात असे मात्र नाही. 'स्कूल'चे 'इस्कूल' झाले, तिथे जोडाक्षर सोडवायला आधी स्वर आला. पण दोन्हीकडे जिभेने अवघड आरंभ सोपा करून घेतला आहे.

वर्गात एखादे मूल 'ठेसन' म्हणाले की बाकीची हसतात, कधी आपणही हसतो. ते मूल गप्प होते आणि पुढे बोलायचेच टाळते. प्रमाण भाषेत लिहिताना 'स्टेशन' लिहायचे, हे त्याला जरूर शिकवावे. पण त्याआधी फळ्यावर 'स्थान - ठाण' आणि त्याखाली 'स्टेशन - ठेसन' लिहावे, आणि फरक मुलांनाच शोधू द्यावा, असे आम्हाला वाटते. 'ठेसन'ला जो हसतो, त्याने 'ठाण्या'लाही हसायला हवे.