द्यूताचे पंचांग

द्यूतालाही आपल्याकडे तिथी होती. कार्तिक शुद्ध प्रतिपदेचे, म्हणजे आपल्या पाडव्याचे, एक नाव द्यूतप्रतिपदा असे आहे. शिवपार्वतीच्या द्यूताची कथा या दिवसाशी जोडलेली असून, त्या दिवशीच्या जयापजयावरून पुढील वर्षाचे शुभाशुभ पाहण्याची रीत होती.

तिथीप्रमाणेच ऋतूचेही बंधन असे. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या बडा बाजारात बरसातीचा सट्टा चाले. ठरल्या वेळात पावसाने गच्चीवरील टाकीची मोरी वाहते की नाही, यावर पैज लागे. बंगालमध्ये १८९७ साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदाच करावा लागला. मात्र ढग ओसरले की हा सट्टा आपोआप थंडावे. घोड्यांच्या शर्यतीही हिवाळ्यात मुंबईला आणि पावसाळ्यात पुण्याला, अशा हंगामानेच भरत आल्या.

मटक्याने हा हंगामच मोडला. न्यूयॉर्कच्या कापूसभावावर चालणारा आकडा १९६० नंतरच्या दशकात मुंबईतच काढला जाऊ लागला. पंचांगाची जागा घड्याळाने घेतली. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हेच दिवसाचे दोन प्रहर झाले. पुढे मोबाइलने घड्याळाचाही धरबंध ठेवला नाही. अखेर २०२५ साली पैशांच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने बंदीचा कायदा केला.

पाडव्याचे द्यूत आम्ही निर्दोष मानत नाही; धर्मराजाने राज्य गमावले ते द्यूतातच. परंतु पाडव्याच्या दुसऱ्याच दिवशी भाऊबीज येई, आणि ओवाळणीचे पाट मांडण्यासाठी सोंगट्या उचलाव्याच लागत. कायद्याआधी कुळाचार हात धरी, तो असा.